फक्त संशोधनासाठी!

"फक्त संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही."

एवढ्याशा काचेच्या बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं हे वाक्य म्हणजे सध्याच्या आरोग्य-बाजारातलं सगळ्यात बेरकी वाक्य आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण ज्या साइटवर ही बाटली मिळते, तिथेच शेजारी इन्सुलिनच्या सुया मिळतात, पावडर विरघळवायचं निर्जंतुक पाणी मिळतं, आणि "तुमचं वजन टाका, डोस मिळवा" असा गणकही असतो. आता मला सांगा, संशोधनासाठीच असेल तर माझं वजन कशाला हवंय? उंदराचं विचारा ना!

तर मंडळी, या वीकांताचा विषय पेप्टाइड. लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्यापैकी बरेच जण आठवडाभर खुर्चीत बसून पाठ वाकवतात आणि रविवारी एकदम एकवीस किलोमीटर धावायला जातात. मग गुडघा बोलायला लागतो, टाच दुखते, खांदा वर जात नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतो तीन महिने लागतील. तीन महिने? आपल्याला तर तीन आठवड्यांत पुढची शर्यत आहे. इथे मग जिममधला कोणीतरी, किंवा पॉडकास्टवरचा कोणीतरी दंड फुगवलेला बाबा, हळूच ते नाव घेतो. बीपीसी-१५७. टीबी-५००. दोन्ही एकत्र घेतलं की त्याला म्हणे "वुल्व्हरिन" म्हणतात. सिनेमातल्या त्या माणसाच्या जखमा डोळ्यांदेखत भरून येतात, तशा तुमच्याही येणार. हाफिसात जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की मी हल्ली गप्प बसत नाही. जे तिथे बोलतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट साफ करू. पेप्टाइड या शब्दात काहीच वाईट नाही आणि काहीच जादूचंही नाही. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. साखळी फार लांबली की तिला प्रोटीन म्हणतात. आपल्या शरीरात असल्या साखळ्या ढिगाने आहेत आणि त्या निरोप्याचं काम करतात. इन्सुलिन ही ५१ अमिनो आम्लांची रचना. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं आणि तोवर मरणाचा दाखला असलेला एक आजार सांभाळता येण्याजोगा झाला. हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ते टेरिपॅराटाइड, ३४ अमिनो आम्लांचं.

आणि आपल्या गावाकडच्या प्रत्येक माणसाने पाहिलेलं पेप्टाइड सांगू? म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून काही लोक धार काढायच्या आधी तिला जी सुई मारतात, ते ऑक्सिटोसिन. फक्त ९ अमिनो आम्लं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून बाईचा जीव वाचवणारं हे औषध. व्हिन्सेंट डु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. तेच औषध गोठ्यात लेबल नसलेल्या बाटलीतून जातं. जनावराला अपाय होईल अशी सुई दुधासाठी टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते देशात विकण्यासाठी बनवायलाच बंदी घातली. मग बाळंतिणींना औषध मिळेल का, असा प्रश्न उभा राहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. म्हणजे रेणू तोच. दवाखान्यात तो औषध असतो आणि गोठ्यात तो चोरधंदा असतो. फरक पडतो तो कोण देतंय, कोणाला, किती, कशासाठी आणि त्याची नोंद कुठे होतेय यामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता बीपीसी-१५७ कडे वळू. १५ अमिनो आम्लांची साखळी. माणसाच्या जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा, असं सांगितलं जातं. त्यावरच्या संशोधनाचा फार मोठा वाटा क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाकडून आलाय, तोही १९९० च्या दशकापासून. उंदरांचे स्नायूबंध कापले, पेप्टाइड दिलं, ते लवकर जुळले. निकाल दिसायला भारी आहेत. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण तीस वर्षं झाली, आणि माणसांवरचं काम शोधायला गेलं तर हाताला काय लागतं? २०२१ मधला गुडघेदुखीचा एक अभ्यास, ज्यात १६ रुग्णांना इंजेक्शन दिल्यानंतर मागाहून विचारपूस केली, तुलनेला दुसरा गटच नाही. २०२५ मधला एक, ज्यात शिरेतून औषध दिलेली माणसं दोन. हो, दोन! २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर पहिल्या टप्प्याची चाचणी नोंदवली गेली होती, तिचे निकाल काही प्रसिद्ध झाले नाहीत.

शेजारी हे ठेवून बघा. सेमाग्लुटाइड, म्हणजे सध्या वजन कमी करण्यासाठी गाजणारं औषध, हेही पेप्टाइडच, ३१ अमिनो आम्लांचं. ते हृदयविकार टाळतं का हे तपासायला घेतलेल्या एकाच चाचणीत माणसं होती १७,६०४. निकाल २०२३ मध्ये आले. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना खोटं, आणि कोणाला काय मिळालंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. एवढं केल्यावरही त्याच्या दुष्परिणामांवर वाद चालूच आहेत. मग सोळा आणि दोन माणसांच्या जोरावर तुम्ही पोटाची कातडी चिमटीत धरून सुई खुपसताय, ती कशाच्या भरवशावर?

"अरे पण मला फरक पडला ना!" हे पहिलं उत्तर येतं. पडला असेल. पण कोपरा, टाच, खांदा यांची साधी दुखणी बरीचशी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होतात. आणि माणूस सुई कधी घेतो? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार असतोच. वर सुई घेतल्यावर तो दोन आठवडे धावत नाही, झोपतो वेळेवर, प्रोटीन खातो, कारण पैसे मोजलेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि मग श्रेय कावळ्याला! आम्ही साइटवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा तरी निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं दाखवून आठवडाभर आकडे बघतो. बटणाला जी कसोटी लावतो ती स्वतःच्या रक्ताला लावायला आपल्याला लाज का वाटते?

दुसरं उत्तर जरा हुशार असतं. "पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या चाचण्या करत नाहीत. औषध चांगलं असून दाबलं जातंय." यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य. पैसा नसेल तिथे चाचण्या होत नाहीत, हे खरंच दुखणं आहे. पण यातून निघतं एवढंच की चाचणी व्हायला हवी, सरकारी पैशातून व्हायला हवी. चाचणी झालेली नाही म्हणजे ती पास झाली, असं कुठल्या गणितात निघतं? आणि हे विकणारे जे लाखो कमावतायत, त्यांनी त्यातला एक रुपया तरी चाचणीत घातला का? का घालतील? त्यांचा धंदा चाचणी न होण्यावरच चाललाय.

तिसरं, "कोणी मेलं का आजवर?" नोंदच ठेवली नाही तर मेलेला दिसणार कसा? बीपीसी-१५७ प्राण्यांमध्ये नव्या रक्तवाहिन्या वाढवतं, असं त्याचे चाहतेच कौतुकाने सांगतात. जखम भरायला रक्तवाहिन्या लागतात हे बरोबर. पण लपून बसलेल्या गाठीलाही वाढायला रक्तवाहिन्याच लागतात. त्यामुळे गाठ वाढते असं सिद्ध झालेलं नाही. वाढत नाही असंही सिद्ध झालेलं नाही. आणि असलं काही झालंच तर ते दहा-पंधरा वर्षांनी दिसेल. तेव्हा ती साइटही नसेल आणि तो पॉडकास्टवाला बाबाही दुसरंच काहीतरी विकत असेल.

शिवाय बाटलीत नक्की काय आहे? औषध कारखान्यात टोचायच्या औषधाला निर्जंतुकपणा, जिवाणूंची विषारी द्रव्यं, शुद्धता यांच्या तपासण्या प्रत्येक बॅचला द्याव्या लागतात. "मानवी वापरासाठी नाही" असं एकदा छापलं की यातलं काही करायचं बंधनच उरत नाही. ते वाक्य ग्राहकाला सावध करायला छापलेलंच नाही. ते विकणाऱ्याच्या अंगावरचं चिलखत आहे.

आता खरी चीड कशाची येते ते सांगतो. "संशोधन" हा शब्द. संशोधन म्हणजे काय याची आपल्या देशात कायद्याने घालून दिलेली व्याख्या आहे, नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९. त्यात नीतिमत्ता समिती लागते. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला त्याच्या भाषेत सगळं समजावून त्याची लेखी संमती लागते. प्रयोगामुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. तुमच्या त्या बाटलीवाल्या संशोधनात यातलं काय आहे? समिती नाही, संमती नाही, भरपाई नाही, निकालही कुठे लिहिला जात नाही. उलट ज्याच्यावर प्रयोग चाललाय तोच पैसे मोजतोय! प्रयोगशाळेतल्या उंदराला निदान पिंजरा आणि खाणं तरी फुकट मिळतं.

हे असं संशोधन एकदा मोठ्या प्रमाणावर करून झालंय. ऑस्ट्रेलियातला एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब. २०१२ च्या हंगामात क्लबने खेळाडूंसाठी इंजेक्शनचा कार्यक्रम राबवला. वैज्ञानिक पद्धतीने, लवकर सावरण्यासाठी वगैरे. खेळाडूंकडून संमतीपत्रंही घेतली. २०१३ मध्ये चौकशी सुरू झाली आणि कळलं की कोणाला काय टोचलं याच्या धड नोंदीच नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी धरलं. थायमोसिन बीटा-४ हे ते पेप्टाइड, आणि आज जिममध्ये टीबी-५०० म्हणून जे विकतात ते त्याच्याच घराण्यातलं. त्यातल्या जे खेळत होते त्यांचा २०१६ चा अख्खा हंगाम गेला. बंदी परवडली म्हणावी. आपल्या अंगात काय गेलं, हे त्या खेळाडूंना कोणी नेमकं सांगूच शकलं नाही. श्रीमंत देश, श्रीमंत क्लब, पगारी शास्त्रज्ञ, डॉक्टर, आणि तरीही ही गत. मग आपल्या गल्लीतल्या ट्रेनरच्या वहीत काय लिहिलेलं असेल?

इथवर वाचून कोणी म्हणेल, "बाबा रे, माझं शरीर, माझे पैसे, तुला काय करायचंय?" अगदी बरोबर. प्रौढ, कमावत्या, शिकलेल्या माणसाने स्वतःवर काय प्रयोग करावेत हे ठरवणारा मी कोण? गोष्ट तुमच्यापाशी थांबत असती तर हा लेख मी लिहिलाच नसता.

पण ती थांबत नाही. मी मूळचा मुरुमचा. उमरगा तालुका, धाराशिव जिल्हा, पलीकडे लगेच कर्नाटक. तिकडे पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, ती काही मॅरेथॉनच्या मेडलसाठी नाही. पोलीस भरतीसाठी. शारीरिक चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं. ५ मिनिटं १० सेकंदांत आलात तर पुरे २०, पुढे वेळ वाढेल तसे गुण घसरतात. खुल्या गटात वयाची अट २८. म्हणजे काही सेकंदांवर नोकरी, नोकरीवर लग्न, बहिणीचं शिक्षण, बापाचं कर्ज, सगळं टांगलेलं. अशा पोराची नडगी दुखायला लागली की त्याच्याकडे तीन महिने नसतात. आपल्याकडे असतात, फक्त धीर नसतो.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा नात्यातल्या एका पोराने विचारलं, "दादा, तुम्ही पुण्यात राहताव. ते पेप्टाइड का काय, ते घेतलं की दुखणं लगेच जातंय म्हणतेत. खरं हाय का?" हे त्याला सांगितलं कुणी? मोबाइलवर पाहिलं म्हणे. कोणी मोठा शहरातला माणूस सांगत होता.

तो शहरातला मोठा माणूस म्हणजे आपण, मंडळी. तुम्ही जिममध्ये फोटो काढून खाली "रिकव्हरी" लिहिता, ते उमरग्यापर्यंत जातं. तिथे पोचेपर्यंत त्यातला इंग्रजी खुलासा गळून पडतो, महागडी बाटली गळून पडते, आणि उरते फक्त सुई. आणि एकदा सुईची भीड चेपली की सुईत काय आहे याला महत्त्व राहत नाही. ऑपरेशनच्या वेळी भुलीमुळे खाली गेलेला रक्तदाब वर आणायला वापरतात ते मेफेंटरमाइन, ते जिममध्ये जोर यावा म्हणून टोचून घेणाऱ्यांना विकताना पुण्यात पोलिसांनी एकदा नव्हे, अनेकदा लोकांना पकडलंय. ते पेप्टाइड नव्हे. पण दुकानदार तोच, गिऱ्हाईक तेच आणि बोलणंही तेच: "काही होत नाही रे, सगळे घेतात."

सगळे घेतात का? देशाची अवस्था बघा. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये भारताने ५,६०६ नमुने तपासले, २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. २०२४ मध्ये नमुने ७,११३ आणि दोषी २६०. त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत तपासनीस आल्याचं कळलं आणि खेळाडू पळाले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत धावायला उरला एकच जण! स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. ही काही ऑलिंपिकची फायनल नव्हती. राज्य पातळीवरची, नोकरीच्या आशेवर जगणारी पोरं होती ती. आणि बीपीसी-१५७ तर २०२२ पासून त्या संस्थेच्या बंदीच्या यादीत नाव घेऊन आहे. माणसांसाठी मंजूरच नसलेली द्रव्यं, या सदराखाली. उद्या मुरुमचा एखादा पोरगा खरोखर चांगला धावला, राज्यावर गेला, आणि कोणी तरी "हे फक्त दुखण्यासाठी आहे" म्हणून दिलेल्या सुईने अडकला, तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. तुमच्या अंगात सापडलं, जबाबदारी तुमची, हा तिथला मूळ नियम.

याउलट आमच्याच मराठवाड्याचा एक माणूस बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध गेला. जगातली उत्तम वैद्यकीय मदत मिळू शकणारा खेळाडू, त्याच्या वाट्यालाही काय आलं? शस्त्रक्रिया आणि मग महिनोन्‌महिने पुनर्वसनाचा कंटाळवाणा रस्ता. कारण स्नायूबंध आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठाच कमी, ते आपल्या गतीने भरतात. हळूहळू वाढवत नेलेला भार, झोप, पुरेसं जेवण, आणि वेळ. ज्याच्या पाठीशी माणसांवरचा ढीगभर पुरावा आहे असं "सिक्रेट" हे एवढंच. यावर कोणी पॉडकास्ट काढत नाही, कारण यात विकायला काही नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. एक, स्वतःच्या डॉक्टरला किंवा ट्रेनरला तीन प्रश्न विचारा: हे माणसांसाठी कोणी मंजूर केलंय, किती माणसांवर तपासलंय, आणि मला काही झालं तर लेखी जबाबदारी कोणाची? उत्तर गुळमुळीत आलं की उठा. दोन, अन्न व औषध प्रशासनाने बाटलीवरचं वाक्य न वाचता सोबतच्या सुया आणि डोसचा गणक वाचावा. हेतू तिथे छापलेला आहे. तीन, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगाव आहेत, फी घेतात. तिथे एक बरा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा तरी यायलाच हवा. नडगी दुखणाऱ्या पोराला सुईच्या आधी दुसरं कोणीतरी भेटलं पाहिजे. चार, आणि हे आपल्यासाठी: घ्यायचंच असेल तर घ्या, पण त्याची जाहिरात करू नका. "संशोधन" म्हणून तर अजिबात नको. ज्यांनी खरोखर नोंदी ठेवून, संमती घेऊन, वर्षानुवर्षं हजारो माणसं तपासली, त्यांच्या कष्टांवर तो दरोडा आहे.

त्या पोराला मी सांगितलं की खरं नाही, सध्या धावणं थांबव, उमरग्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखव, पैसे मी देतो. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. माझ्या सांगण्यात गंमत नव्हती ना, मोबाइलवाल्याच्या होती!

असो. प्रतिक्रियांमध्ये "मी घेतलं आणि मला गुण आला" असं लिहिणारे येतीलच. जरूर लिहा. फक्त सोबत बॅच नंबर, डोस, किती दिवस, दुखणं किती दिवसांचं होतं आणि त्या काळात आणखी काय काय बदललं, तेही लिहा. निदान संशोधनाला सुरुवात तरी होईल!